पाय गार लागले तेव्हा

“हात लावाल तर दचकाल,” सिस्टर भोरे म्हणाल्या. “आधीच सांगून ठेवते.”

मी हात लावला आणि दचकलो.

अण्णांचा हात मी त्याच्या उबेवरून ओळखत असे. अर्धे आयुष्य त्यांनी गुऱ्हाळात, चुलवाणाच्या जाळासमोर, उकळत्या रसाच्या काहिलीवर वाकून काढले होते. त्यांच्या तळहाताला ऐन थंडीतही धग असायची. लहानपणी मला ताप आला की कपाळावर हात ठेवण्याचे काम आईकडे असे. अण्णा म्हणायचे, “माझ्या हाताला कुणाचाच ताप कळत न्हाई.” तोच हात आता विहिरीच्या तळातून वर काढलेल्या दगडासारखा होता. मी तो सोडला. सोडताच तो गादीवर नुसता पडला, त्यात त्यांचे काहीच नव्हते.

सिस्टरांनी यंत्राच्या पडद्याकडे बोट केले. त्यावर एक हिरवी रेघ उंच होत होती, खाली येत होती, पुन्हा उंच होत होती.

डॉक्टर सबनीसबाईंनी मला बाजूला बसवून घेतले. त्या थकलेल्या होत्या; बोलताना चष्मा काढून डोळे चोळत होत्या.

“रणधीर ना तुमचं नाव? ऐका. वडिलांच्या छातीतली मुख्य रक्तवाहिनी आतून फाटली होती. ती शिवायची तर तिच्यातून रक्त वाहून चालत नाही. म्हणून ऑपरेशनच्या वेळी यंत्रातून रक्त गार करत नेलं, सगळं शरीर गार केलं. हृदय थांबवलं. मग थोडा वेळ रक्तही थांबवलं. गार मेंदूची भूक कमी असते, तो तेवढा वेळ तग धरतो.”

“म्हणजे तेवढा वेळ ते...”

“त्या वेळाला काय म्हणायचं ते आमच्या पुस्तकांतही नीट लिहिलेलं नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “शिवण चांगली झालीय. पण रक्त यंत्रातून फिरलं की शरीर बिथरतं. काहीतरी परकं घुसलंय असं समजून स्वतःवरच उठतं. यांच्या मेंदूला सूज आलीय. सकाळी झटके आले ते त्यामुळे. म्हणून त्यांना औषधानं झोपवलंय आणि अंग पुन्हा गार ठेवलंय. ऑपरेशनइतकं नाही, पण हाताला लागेल इतकं. सूज आवरेल अशी आशा आहे. खात्री मी देणार नाही. मात्र एक लक्षात ठेवा. ऊब द्यायची ती अगदी सावकाश, सूज उतरल्यावर. घाई केली तर माणूस राहील, पण त्यातले तुमचे वडील राहणार नाहीत.”

मी मान हलवली.

“घरच्यांना समजावून सांगाल? तुमच्या काकांशी मी बोलले, पण ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते.”

“सांगतो,” मी म्हणालो.

त्या वेळी मी कॉलेजात शिकत होतो, आणि वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा आवाज घशात अडखळत असे. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना वाटते, की बाईंनी माझ्यावर त्या दिवशी एवढा विश्वास टाकला नसता, तर मला माझा आवाज बहुधा कधीच ऐकू आला नसता.

बाहेरच्या बाकावर थोरले आबा बसले होते. ते अण्णांचे मोठे भाऊ, आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. शेजारी हौसाआत्या, अण्णांची धाकटी बहीण, पदराचे टोक मुठीत धरून. आणि जिन्याजवळ उभा आमचा शेजारी संपत, ज्याच्या जीपमधून आम्ही अण्णांना आणले होते. आई नव्हती. अण्णा काहिलीजवळ कोसळले त्या दिवशी ऊस तोडून पडला होता, आणि तोडलेला ऊस कुणासाठी थांबत नाही. ऑपरेशन झाल्याचे कळताच आबांनी तिला गावी धाडले होते. “हितं काचंतनं बघून तू काय करणार? तिकडं रस आंबंल.” ती तशीच गेली होती.

मी डॉक्टरांचे म्हणणे सांगू लागलो.

“मोठ्यानं बोल की रं,” आबा म्हणाले. “नाव रणधीर, आणि आवाज मांजराच्या पिल्लाचा.”

मी पुन्हा सांगितले. मेंदूला सूज आहे. अंग मुद्दाम गार ठेवले आहे. हाताला गार लागेल, भ्यायचे नाही.

“म्हंजे बर्फाच्या लादीवर ठेवल्यागत?” संपतने विचारले.

“नाही. खाली गार पाण्याची गादी आहे.”

“थंडीनं माणसं मरत्यात ही आमाला ठावं,” आबा म्हणाले. “थंडीनं जगत्यात ही आज ऐकलं.”

“डाक्टरीण हाय ती, आबा,” आत्या म्हणाली. “तिला कळत आसंल. आपण गप बसूया.”

सगळ्यांनी ऐकले होते. आत्याने तर दोनदा मान हलवली होती.

दुपारी भेटायची वेळ झाली. एकेकालाच आत सोडत. आत्या आधी गेली, अंगावर रुग्णालयाचा हिरवा झगा, पायांत परक्या चपला. मी काचेतून पाहत होतो. ती अण्णांच्या चेहऱ्याकडे गेली नाही. ती सरळ पायांशी गेली. माहेरी आली की उंबऱ्यातच दोघा भावांच्या पायांवर डोके ठेवायचे, ही तिची लहानपणापासूनची सवय होती. चादर बाजूला करून ती वाकली. कपाळ तळव्यांना लागले.

ती तशीच राहिली. मग हाताने घोटा चाचपला, मग पोटरी, मग गुडघा.

आमच्याकडे मरण पायांकडून येते. घरात कुणी शेवटच्या वाटेवर असले की बायका त्याच्या पायथ्याशी बसून तळव्यांना सुंठीची पूड चोळतात. गारवा घोट्याला आला, पोटरीला आला, असे हलक्या आवाजात एकमेकींना सांगतात, आणि तो गुडघ्याला पोहोचला की तोंडात पाणी घालतात. आत्या आपल्या आईच्या पायांशी अशी बसली होती, वडिलांच्या पायांशी बसली होती, आणि तरुणपणी नवऱ्याच्याही.

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. भिंतीला टेकून उभी राहिली.

“आबा, दादा गेला.”

“काय बोलतीस?”

“गुडघ्यापातूर गार हाय. वर बी गेलंय. आपल्याला सांगंनात ही.”

“आत्या, मी मघाशीच सांगितलं...” मी म्हणालो. माझे वाक्य कुणाच्याही कानापर्यंत गेले नाही. आबा आत गेले होते. काचेतून मला त्यांची पाठ दिसली. त्यांनी भावाच्या पायांवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. बाहेर येऊन ते बाकावर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना त्याआधी कधी बोडक्याने पाहिले नव्हते.

“आबा, डॉक्टरांनीच गार केलंय. मी सांगितलं होतं ना?”

“तू सांगितलंस, कारण तुला त्या बाईनं सांगितलं. मला माझ्या हातानं सांगितलं.”

“छाती हलतेय त्यांची.”

“यंत्र हलवतंय.”

“पडद्यावर ठोके दिसतात.”

“ते बी यंत्रच की. ह्यो पंखा बी फिरतोय, म्हणून त्याला जीव हाय व्हय?” मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “संपत, फोन लाव. गावच्या दूध संस्थेत लाव. म्हणावं, मयत घिऊन निघतोय, दिवस बुडायच्या आत पोचतोय. तयारी करून ठेवा.”

मोबाईल फक्त संपतकडे होता, आणि त्याला रेंज खाली फाटकाशीच यायची. तो जिन्याकडे वळला. त्याच क्षणी आबा उठले आणि वॉर्डाच्या दाराकडे निघाले. मी मधोमध उभा होतो. संपतच्या मागे जावे की आबांच्या, हे ठरवायला मला एका श्वासाएवढा अवधी होता. आत अण्णा होते. मी आत गेलो.

“यंत्र काढा,” आबा सबनीसबाईंना म्हणत होते. “आमचा माणूस आमाला द्या.”

“यंत्र काढलं तर ते मरतील, आजोबा.”

“मेल्याला किती येळा मारता?”

“त्यांचं हृदय स्वतःचं स्वतः चालू आहे. छातीवर हात ठेवून बघा.”

“पाय गार हायत.”

“आम्ही केलेत गार.”

“मग गरम करून दावा!” आबा ओरडले. “आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत. गरम झाला तर जिता, न्हाई तर मी नेतो.”

 बाई माझ्याकडे पाहू लागल्या, आणि त्या पाहण्याचा अर्थ मला उमगला. माझ्या काकांना पटेल असा पुरावा जगात एकच होता, आणि त्या पुराव्याने अण्णा संपले असते.

तोपर्यंत आत्या मागून आत शिरली होती. सिस्टर भोरे “अहो बाई, अहो बाई” म्हणत असताना तिने खांद्यावरची लोकरीची शाल काढून अण्णांच्या पायांभोवती गुंडाळली आणि दोन्ही तळव्यांनी त्यांचे तळवे घासू लागली. आता ती रडत होती. “ऊठ रं दादा, ऊठ. बघ, मी आल्ये.” पायांखालच्या गादीची एक नळी तिच्या कोपराने सुटली होती आणि पाणी फरशीवर टपटपत होते.

“मुलगा सज्ञान आहे,” सबनीसबाई म्हणाल्या. “ठरवायचं त्याने.”

“सांग तिला,” आबा मला म्हणाले. “सांग, बापाला घरला न्यायचा हाय म्हणून.”

“नाही.”

हे मी म्हटले ते कुणाला ऐकू गेले नाही. मी आत्याजवळ गेलो आणि तिची दोन्ही मनगटे धरली. तिच्या हातांना ऊब होती, तीच आमच्या घराण्याची ऊब, आणि ते हात अण्णांच्या पायांपासून दूर करणे हे मी आजवर केलेले सर्वांत निर्दय काम आहे.

“हात लावायचा नाही!” मी ओरडलो. आवाज फाटला, वर गेला, काचेपलीकडची माणसे वळून पाहू लागली. “अण्णांना कुणी हात लावायचा नाही. मी त्यांना नेऊ देणार नाही. न्यायचंच असेल तर आधी मला उचला!”

खोलीत पाण्याचा आवाज तेवढा राहिला. सिस्टरांनी खाली बसून नळी जोडली आणि शाल अलगद काढून घेतली.

आबा माझ्याकडे पाहत होते.

“आणि त्यो खरंच गेलेला आसला तर?”

“तर मी गेलेल्याजवळ बसून राहिलो असं होईल. पण जिवंत असले, आणि आपण नेलं, तर काय होईल आबा?”

आबा बाहेर जाऊन बाकावर बसले. टोपी अजून हातातच होती. तिच्याकडे बघत म्हणाले, “एवढा आवाज हाय तुला, मग आजपातूर कुठं ठेवला होतास रं?”

तेवढ्यात संपत जिना चढून आला. “सांगितलं, आबा. सेक्रेटरीनंच उचलला. म्हणाला, सगळं बघतो, तुमी या.”

आबा, संपत आणि मी, आम्हा तिघांना एकदमच कळले, की गावात मयताचा सांगावा पोहोचला.

“परत लाव,” मी म्हणालो. “सांग, चूक झाली. अण्णा जिवंत आहेत म्हणून सांग.”

आम्ही धावत खाली गेलो. संपतने नंबर फिरवला आणि फोन माझ्या कानाला लावला. तिकडे घंटा वाजत राहिली. बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. दुधाच्या वेळेला त्या कचेरीत माणसांची दाटी असते, कुणी ना कुणी हात घालून फोन उचलतोच. आज तिथे कुणीच का नाही, असे मी संपतला विचारले, आणि विचारता विचारताच उत्तर मला कळले. सगळे आमच्या घरी गेले होते.

आबाही जिना उतरून आले होते.

“तू जा,” ते म्हणाले. “जीप काढ, संपत. मी हितं बसतो. मी त्याला हात लावणार न्हाई, हौसालाबी लावू देणार न्हाई. जा, पळ.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे तुरे उन्हात पांढरे दिसत होते. गावाच्या वळणावर आमच्या गुऱ्हाळाचे धुराडे दिसते. हंगामात त्यातून धूर निघत नाही असे होत नाही. त्या दिवशी नव्हता. जीप थांबण्याआधीच जळक्या रसाचा कडू वास आला. काहील चुलीवर तशीच सोडून, जाळ विझवून गडी निघून गेले होते.

अंगणात बांबू आणून टाकले होते. पुरुष उकिडवे बसले होते. मला एकट्याला पाहून ते रस्त्याकडे, माझ्या मागे, पाहू लागले.

“अण्णा जिवंत आहेत,” मी म्हणालो. या वेळी आवाज आपोआप मोठा निघाला. “चूक झाली. अण्णा जिवंत आहेत.”

कुणालाही आनंद झालेला दिसला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ते चेहरे मी आजही पाहतो, आणि त्यांच्यावर मला फक्त भीती दिसते. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले, मग एकसाथ घराच्या दाराकडे पाहिले.

मी आत गेलो.

सोप्यात बायकांच्या गर्दीत आई भिंतीशी बसली होती. केस मोकळे होते. कपाळावरचे कुंकू पुसताना भुवयांपर्यंत फराटा गेला होता. गळ्यात काही नव्हते. जमिनीवर हिरव्या काचेचे तुकडे पडले होते आणि तिच्या एका मनगटावरून रक्ताची बारीक रेघ कोपराकडे उतरत होती. भावकीतली सर्वांत थोरली बाई, गोदाक्का, तिच्या शेजारी होती. मयत दारात येण्याआधी हे कुणी करत नाही. पण दिवस बुडायच्या आत सगळे उरकायचे, म्हणून त्यांनी आधीच करून ठेवले होते.

“आई,” मी म्हणालो, “अण्णा आहेत.”

तिने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे फार लांबचे होते.

“तू सवताच्या डोळ्यांनी बघितलास?”

“हो. पडद्यावर ठोके बघितले. अंग औषधासाठी गार केलंय. आत्याला वाटलं...”

आईने आपली दोन्ही मनगटे पुढे केली. गोदाक्कापुढे नाही, माझ्यापुढे.

“मग ह्यांनी ही कुणाचं केलं?”

गोदाक्का हात जोडू लागली. “आगं आनसा, चूक झाली माय. आमाला सांगावा आला म्हणून... आत्ता कासाराला बोलवते. आत्ता भरू चुडा. कुंकू आणा गं कुणीतरी.” दोन-तीन बायका एकदम उठल्या. कुणीतरी करंडा आणला. आईने तो हाताने बाजूला सारला आणि उठून गुऱ्हाळाकडे गेली. मी मागोमाग गेलो. जळलेल्या काहिलीपाशी उभी राहून ती मला म्हणाली, “गडी बोलाव. काहील खरवडायला पायजे. आन् तू फिरून दवाखान्यात जा, बापाजवळ बस.”

अण्णांची सूज उतरली. त्यांना कणाकणाने ऊब दिली गेली, आणि एके सकाळी त्यांनी डोळे उघडले. पहिला शब्द यायला फार वेळ लागला. डावा हात कायमचा थोडा उशिरा ऐकू लागला, आणि बोलता बोलता एखादे नाव त्यांना सापडेनासे झाले. पण ते अण्णाच होते. जीपमधून उतरून ते उंबऱ्याशी आले तेव्हा आईने त्यांच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. त्यांनी तिचे हात पाहिले.

तोवर घरात कुणी त्यांना काही सांगितले नव्हते.

“ही... काय?” त्यांनी विचारले.

“तुमी तिकडं जाऊन आलात,” आई म्हणाली. “मी बी जाऊन आले. बसा आता.”

अण्णांनी थोडा वेळ विचार केला. त्यांना आता प्रत्येक गोष्टीला वेळ लागे. मग ते म्हणाले, “बरं,” आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

कासार आला, परत गेला. बायका समजावून थकल्या. नवरा जिता असताना मोकळे हात बरे नव्हेत, अशी कुजबुज गावात बराच काळ चालली. हळदीकुंकवाची आमंत्रणे बंद झाली. हौसाआत्या एकदा हिरव्या बांगड्यांचा डझन घेऊन आली आणि आईच्या पायांवर पडली. आईने तिला उठवले, जेवायला वाढले, बांगड्या तिच्याच हातांत भरल्या. आत्याला विधवा होऊन तेव्हा कितीतरी वर्षे लोटली होती. ती इतकी गोंधळली की तिला हात मागे घेणेही सुचले नाही.

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. गेल्या हंगामात ते खरोखर गेले, जेवण करून पडले ते उठले नाहीत. बायका आल्या. गोदाक्का आता नाही. तिची सून पुढे झाली आणि रीतीप्रमाणे आईचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले. घेऊन ती थबकली. सगळ्या जणी त्या मोकळ्या हातांकडे पाहत राहिल्या.

“शोधू नका,” आई म्हणाली. “त्या दुपारीच नेलंय तुमी.”

मग तिने आपले हात सोडवून घेतले, अण्णांच्या उशाशी बसली, आणि कुणाकडेही न पाहता मोठ्याने रडू लागली.